पीएमपीची तयारी : ज्यांना काम येतं त्यांच्यासाठी



आजचा विषय आहे पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल या परीक्षेची तयारी. मी लष्करात इंजिनिअर्समध्ये होतो, कर्नल म्हणून निवृत्त झालो. रस्ते, पूल, बराकी, पाण्याच्या योजना हे माझं आयुष्यभराचं काम. निवृत्तीच्या सुमारास मी ही परीक्षा दिली आणि तेव्हापासून इतरांची तयारी करून घेतो. वर्गात निम्मे माझ्यासारखे फौजी असतात. उरलेले बांधकामातले, आयटीतले, औषध कारखान्यांतले. कोणी इंदूरहून जोडलेला असतो, कोणी बडोद्याहून, कोणी हैदराबादहून, बेळगावहून. वर्ग मराठीत चालतो, पेपर इंग्रजीत द्यायचा असतो.

या वर्गात एक गोष्ट मला वारंवार दिसते. पाच-सहा वर्षं काम केलेला तिशीतला मुलगा सराव परीक्षेत पुढे जातो आणि वीस वर्षं साइटवर काढलेला माणूस मागे राहतो. तो चिडतो. म्हणतो, ही परीक्षा कागदी आहे, प्रत्यक्षात असं काही होत नाही. मला हे पटत नाही. अडचण अनुभवाची नाही. प्रश्न वाचताना आपण तो अनुभव कोणत्या बाजूने वापरतो, तिथे गाडं अडतं. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलणार आहे.

आधी परीक्षेचं स्वरूप. ही परीक्षा घेते प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय. ही अमेरिकेतली संस्था, १९६९ साली स्थापन झाली, आणि पीएमपी १९८४ पासून सुरू आहे. मी सांगतो ते आकडे जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या आराखड्याचे आहेत. १८० प्रश्न, २३० मिनिटं, मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. १८० पैकी पाच प्रश्न नुसते चाचणीचे असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे तुम्हाला कळत नाही. ४२ टक्के प्रश्न माणसांबद्दल, ५० टक्के कामाच्या पद्धतीबद्दल, ८ टक्के व्यवसायाच्या परिस्थितीबद्दल. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. आराखडा काही वर्षांनी बदलतो, म्हणून तुम्ही अर्ज भराल तेव्हा लागू असलेला आराखडा पीएमआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. मित्राने चार वर्षांपूर्वी दिलेल्या नोट्सवर विसंबू नका.

त्यातला ४२ टक्के हा आकडा नीट बघा. सिमेंट, लोखंड, वेळापत्रक, बजेट यात मुरलेल्या माणसाला वाटतं की माणसांचं काय, ते आपल्याला येतंच. तिथेच गुण जातात.

एक नमुना प्रश्न घेऊ, मीच वर्गासाठी तयार केलेला. प्रकल्प अर्ध्यावर आलाय. ग्राहकाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तुमच्या टीममधल्या इंजिनिअरला परस्पर फोन करून एक जादा सोय बसवायला सांगितली. काम दोन दिवसांचं, खर्च किरकोळ. प्रकल्प व्यवस्थापकाने पुढे काय करावं? पर्याय चार. करून टाकावं, म्हणजे ग्राहक खूश. स्पष्ट नकार द्यावा. प्रायोजकाकडे तक्रार करावी. किंवा या बदलाचा वेळ, खर्च, दर्जा, जोखीम यांवर काय परिणाम होतो ते तपासावं आणि बदलाची विनंती रीतसर मांडावी.

माझ्या वर्गात अनुभवी मंडळींचा पहिला पर्यायावर हात वर जातो. म्हणतात, सर, दोन दिवसांच्या कामासाठी कोण फायली फिरवतो? फौजी मंडळींचा दुसऱ्यावर, कारण परस्पर आपल्या माणसाला हुकूम दिलेला त्यांना खपत नाही. उत्तर चौथं आहे. आणि ते कागदी मुळीच नाही. दोन दिवसांचं म्हणून मान्य केलेलं असं एक काम, मग दुसरं, मग तिसरं. शेवटी बिल निघताना ग्राहक विचारतो, हे कोणी सांगितलं होतं? हे तुम्हा सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसरा प्रश्न. टीममधल्या दोघांचं पटत नाही आणि त्यामुळे काम रखडतंय. आमच्यातला एखादा सुभेदार मेजर लगेच म्हणेल, दोघांची पेशी लावा. कंपनीतला मॅनेजर म्हणेल, एकाला दुसऱ्या प्रकल्पावर पाठवा किंवा एचआरला कळवा. परीक्षेचं उत्तर बहुतेक वेळा असं असतं : दोघांशी बोला, भांडणाचं मूळ समजून घ्या, त्यांनाच मार्ग काढायला मदत करा. वर कळवणं हा शेवटचा उपाय. प्रकल्प व्यवस्थापकाच्या हातात काही उपाय शिल्लक असताना तो प्रश्न वर ढकलत असेल, तर ते उत्तर जवळपास नेहमीच चुकीचं.

यावर मला ऐकवलं जातं की फौजेत असं चालत नाही, तिथे हुकूम चालतो. ज्यांनी फौज सिनेमात पाहिलीय ते असं म्हणतात, आणि गंमत म्हणजे कधी कधी फौजीही म्हणतात. तरुण अफसराला आम्ही कशापासून शिकवायला सुरुवात करतो? अ‍ॅप्रिसिएशनपासून, म्हणजे परिस्थितीच्या आकलनापासून. उद्दिष्ट काय, त्यावर परिणाम करणारे घटक कोणते, जमीन कशी, हवामान कसं, वेळ किती, साधनं किती, समोर मार्ग कोणते, प्रत्येकाचे फायदे-तोटे काय, आणि मग योजना. ऑर्डर त्यानंतर येते. वाळूचं मॉडेल करून सगळे त्याभोवती बसतात, आणि तिथे नायकसुद्धा विचारतो की साहेब, या नाल्याला पाणी आलं तर माझी माणसं परत कशी येणार? त्या प्रश्नावर कोणी त्याला गप्प बसवत नाही. पीएमपीचा पेपर हेच मागतो. आधी आकलन, मग कृती. सवयीने आपण पहिली पायरी मनातल्या मनात उरकतो आणि थेट दुसरी सांगतो. पेपरात पहिली पायरी पर्यायांमध्ये लिहिलेली असते आणि आपण ती ओलांडून पुढे जातो.

म्हणून प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचा. 'पुढे काय कराल', 'सर्वांत आधी काय कराल', 'आधीच काय करायला हवं होतं', हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या दोनांत समस्या समोर उभी आहे. तिसऱ्यात ती घडून गेली आहे आणि ती टाळण्याजोगी कुठे होती हे विचारलंय, म्हणजे उत्तर बहुधा नियोजनाच्या टप्प्यात सापडेल. आपलं इंग्रजी शाळेतलं असलं तरी हे जमतं. मी वर्गात प्रत्येक प्रश्न मराठीत पुन्हा सांगायला लावतो. ज्याला प्रश्न मराठीत सांगता येत नाही, त्याला तो कळलेलाच नसतो.

आता अर्जाबद्दल. हा भाग लोक तासाभरात उरकतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

चार वर्षांची पदवी असेल तर मागच्या आठ वर्षांत प्रकल्पांचं नेतृत्व केल्याचे ३६ महिने दाखवावे लागतात. बारावी किंवा पदविका असेल तर ६० महिने. शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. एकाच वेळी दोन प्रकल्प चालू असतील तर ते महिने एकदाच मोजायचे. आणि रोजचं ठरलेलं काम प्रकल्पात धरत नाहीत. प्रकल्पाला सुरुवात असते, शेवट असतो आणि त्यातून काही वेगळं उभं राहतं. कंपनी कमांडरची दोन वर्षं हा प्रकल्प नव्हे, त्या दोन वर्षांत बांधलेला पूल हा प्रकल्प. बॉर्डर रोड्समध्ये तर विभागालाच प्रोजेक्ट म्हणतात : बीकन, वर्तक, दीपक, हिमांक. बीकन १९६० पासून चालू आहे. पीएमआयच्या व्याख्येत तो प्रकल्प बसणार नाही. त्यातला एकेक रस्ता, एकेक बोगदा बसेल. अर्जात नुसतं 'प्रोजेक्ट अमुकमध्ये तीन वर्षं' लिहिलंत तर समोरच्याला काहीच कळणार नाही.

माझ्याकडे एक सुभेदार साहेब आले होते. नाव सांगत नाही. मूळ सातारा जिल्ह्यातले, शेवटचं पोस्टिंग महूला होतं म्हणून इंदूरला घर केलं. अठ्ठावीस वर्षं नोकरी, शिक्षण बारावी, निवृत्त होऊन वर्ष झालेलं. मुलगी कॉलेजात. सुरक्षा रक्षकांचा सुपरवायझर एवढंच काम त्यांना सगळीकडून देऊ केलं जात होतं. ज्या माणसाने बर्फात पूल उभे केले त्याला लोक गेटवर उभं करत होते, कारण त्याचा बायोडेटा कोणाला वाचताच येत नव्हता.

एका क्लासवाल्याने त्यांना तयार अर्ज देऊ केला, वेगळे पैसे घेऊन. त्यात त्यांना कुठल्याशा सॉफ्टवेअर कामाचा प्रमुख दाखवलं होतं. साहेबांनी मला फोन केला. म्हणाले, "सर, सगळे हेच करतात म्हणे. पण यातलं एकही काम मी केलेलं नाही."

मी म्हटलं, "साहेब, मग केलेलं लिहू या. वही आणा."

त्यांच्या डायऱ्या होत्या. चार रविवार आम्ही बसलो. मागच्या आठ वर्षांपैकी निवृत्तीनंतरचं एक वर्ष गेलं, उरली सात. त्यातले स्टोअरमधले महिने गेले, कारण ते रोजचं काम. उरलेल्यातून सात कामं निघाली : दोन पूल, एक हेलिपॅड, बराकींची दुरुस्ती, पाण्याची लाइन, एक रस्ता, एक प्रशिक्षण संकुल. प्रत्येकाला सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, उद्दिष्ट काय, हाताखाली किती माणसं, निर्णय कोणता त्यांनी घेतला, हातात काय आलं. एकमेकांवर चढणारे महिने वजा करून ६३ भरले. ठिकाण, युनिट, तैनाती यातलं काहीही लिहिलं नाही, लिहायचंही नसतं. 'उंच डोंगराळ भागात ४० मीटर लांबीचा पूल, ठरलेल्या वेळेत' एवढ्याने काम भागतं. 'सेक्शन', 'प्लाटून', 'आरअँडओ' हे शब्द काढून 'दहा जणांची टीम', 'तीस जणांची टीम', 'पुरवठ्याची मागणी' असं लिहिलं. शब्द बदलले, काम तेच ठेवलं.

पीएमआय काही अर्ज यादृच्छिकपणे तपासणीसाठी निवडते. साहेबांचा निवडला गेला. कागदपत्रं द्यायला ९० दिवस मिळतात : शिक्षणाचा दाखला, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक प्रकल्पासाठी त्या वेळच्या वरिष्ठाची सही. त्यांचे एक जुने सीओ तेव्हा निवृत्त होऊन डेहराडूनला राहत होते. अर्ज वाचून त्यांनी लगेच सही केली, कारण त्यातलं सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं होतं. तो तयार अर्ज भरला असता तर सही कोणाची आणली असती? अर्ज करताना आपण पीएमआयची आचारसंहिता मान्य करतो. तिची मूल्यं चार : जबाबदारी, आदर, न्याय्यता, प्रामाणिकपणा. परीक्षेतले खरे प्रश्न विकणाऱ्यांपासूनही त्याच कारणाने लांब राहा. त्यात पैसे जातात, पकडले गेलात तर निकालही जातो.

फौजी श्रोत्यांसाठी आणखी एक हिशेब. आठ वर्षांचं घड्याळ अर्जाच्या तारखेपासून मागे मोजलं जातं. निवृत्तीनंतर चार वर्षं 'बघू नंतर' म्हणत काढलीत, तर मागची चारच उरतात, आणि चार वर्षांत ६० महिने कोणत्याही पंचांगात बसत नाहीत. म्हणून निवृत्तीच्या आधीच्या वर्षात, पुनर्वसन महासंचालनालयाच्या अभ्यासक्रमांचा विचार करता तेव्हाच, आपल्या प्रकल्पांची यादी करून ठेवा. आणि ज्या तरुणांकडे अजून महिनेच नाहीत, त्यांनी खोटे महिने शोधत बसू नये. त्यांच्यासाठी याच संस्थेची कॅप्म ही परीक्षा आहे, तिला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण लागतं.

गणिताची भीती बऱ्याच जणांना असते. ती अनाठायी आहे, सूत्रं मोजकी आहेत आणि प्रश्नही थोडेच. एक उदाहरण घ्या. दहा किलोमीटरचा रस्ता, दहा महिने, दहा कोटी. म्हणजे महिन्याला एक किलोमीटर, किलोमीटरला एक कोटी. चार महिने झाले. रस्ता झाला तीन किलोमीटर, खर्च झाला ३ कोटी ६० लाख. ठरल्याप्रमाणे चार कोटींचं काम व्हायला हवं होतं, झालंय तीन कोटींचं. तीन भागिले चार, ०.७५. म्हणजे वेळापत्रकात मागे. तीन भागिले ३.६, साधारण ०.८३. म्हणजे रुपयातले त्र्याऐंशी पैसेच कामाला लागतायत. हाच वेग राहिला तर सगळा रस्ता कितीला पडेल? दहा कोटी भागिले तो ०.८३, म्हणजे बारा कोटी. एवढंच 'अर्न्ड व्हॅल्यू'. खर्चाचा आकडा बघून 'चार कोटींपैकी साडेतीनच खर्च झाले, बचत आहे' असं सांगणारा कारकून प्रत्येक ऑफिसात असतो, त्याला हे दाखवा.

दुसरं सूत्र संवादाच्या मार्गांचं. दहा माणसं असतील तर आपसातले मार्ग ४५. पाच वाढवली, पंधरा झाली, तर मार्ग १०५. माणसं दीडपट, गोंधळ दुपटीहून जास्त. उशीर झालेल्या कामावर माणसं ओतली की काम आणखी का रखडतं, याचं एक कारण इथे आहे.

जाता जाता सांगतो, ही साधनं फौजेला परकी नाहीत. पर्ट ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमातून १९५८ च्या सुमारास आली. अर्न्ड व्हॅल्यूची शिस्त अमेरिकी संरक्षण खात्याने १९६७ साली ठेकेदारांवर लावली. हेन्री गँट यांचे तक्ते पहिल्या महायुद्धात शस्त्रनिर्मितीच्या कामात वापरले गेले. तेव्हा फौजी माणसाने हे पुस्तक हातात घेताना बिचकायचं कारण नाही.

बिचकायला होतं ते अ‍ॅजाइलला. पेपरातले जवळपास निम्मे प्रश्न अ‍ॅजाइल किंवा मिश्र पद्धतीचे असतात. बांधकामवाले म्हणतात, आम्ही काय दर पंधरवड्याला अर्धा पूल दाखवायचा? तसं नाही. कोणाचा निर्णय कोणता, हे पक्कं करा म्हणजे निम्मे प्रश्न सुटतात. आधी काय करायचं हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो. कसं करायचं हे टीम ठरवते. अडथळे काढायचं काम स्क्रम मास्टरचं, तो टीमला कामं वाटून देत नाही. रोजची बैठक पंधरा मिनिटांची, आणि ती साहेबाला अहवाल देण्यासाठी नसते. आमच्याकडे चांगला कमांडर 'काय' आणि 'का' सांगतो, 'कसं' हे हाताखालच्यावर सोडतो. ज्याने असा कमांडर पाहिलाय त्याला अ‍ॅजाइल कळायला एक संध्याकाळ पुरते.

अभ्यासाला नोकरी सांभाळून तीन महिने धरा. पीएमबॉकची पुस्तकं पाठ करू नका. सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया आहेत, सातवीत १२ तत्त्वं. सहावीतून क्रम समजून घ्या, सातवीतून दृष्टी. पीएमआयचं सभासदत्व घेतलंत तर पुस्तक उतरवून मिळतं आणि फीही कमी पडते. मग सराव प्रश्न. रोज वीस केलेत तरी चालतील, पण चुकलेल्या प्रत्येकाखाली आपल्या शब्दांत एक ओळ लिहा : मी हे का निवडलं होतं? सुभेदार साहेब पहिल्या प्रयत्नात नापास झाले. 'माणसं' या भागात अपेक्षेपेक्षा खाली. आम्ही त्यांची ती वही उघडली, तर पानामागून पान एकच कारण : 'साइटवर मी असंच केलं असतं.' त्यांनी ती वाक्यं लाल पेनाने खोडली नाहीत. प्रत्येकाखाली दुसरी ओळ लिहिली : 'त्याआधी मी काय बघितलं असतं?' दोन महिन्यांनी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. आज गुजरातेत एका सौर प्रकल्पाच्या साइटवर नियोजन बघतात. प्रमाणपत्राने नोकरी दिली असं मी म्हणणार नाही, मुलाखत त्यांनी स्वतः जिंकली. प्रमाणपत्रामुळे ते मुलाखतीपर्यंत पोहोचले.

अर्ज मंजूर झाल्यापासून वर्षभरात तीन प्रयत्न करता येतात, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

परीक्षेच्या दिवशी वेळ साठ-साठ प्रश्नांच्या तीन तुकड्यांत बघा. पहिल्या सुट्टीला घड्याळात साधारण १५३ मिनिटं उरलेली हवीत, दुसऱ्या सुट्टीला ७६. सुट्टी घेतलीत की आधीच्या तुकडीतल्या प्रश्नांवर परत जाता येत नाही, त्यामुळे खूण केलेले प्रश्न सुट्टीआधीच निपटा. सुट्टी टाळू नका, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांनी. परीक्षा घरूनही देता येते, कॅमेऱ्यासमोर. पण खोलीत कोणी डोकावलं, किंवा तुम्ही सवयीने प्रश्न मोठ्याने वाचलात, तरी पंचाईत होते. ज्या घरात नातवंडं आहेत आणि दुपारी दारावर भाजीवाला येतो, त्या घरातल्याने सरळ केंद्रावर जावं. मी सगळ्यांना केंद्रच सांगतो.

पास झाल्यावर दर तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे शिकण्या-शिकवण्याचे तास, जमा करावे लागतात. असे वर्ग घेणंही त्यात धरतात. तेव्हा माझा स्वार्थ उघड आहे. आता प्रश्न घेऊ. गणिताचा प्रश्न असेल त्यांनी कागद-पेन काढा, बाकीच्यांनी नाव आणि गाव सांगून सुरुवात करा.